सस्तन प्राण्यांचे दात : एका नजरेत

चार प्रकार
- पटाशीचे दात : कुरतडणे, तोडणे.
- सुळे : पकडणे, फाडणे.
- उपदाढा आणि दाढा : कापणे, चिरडणे, दळणे. दुधाच्या दातांच्या संचात दाढा नसतात.

उत्क्रांती
- बहुतेक सरपटणाऱ्या प्राण्यांचे दात साधारण एकसारखे असतात आणि आयुष्यभर बदलत राहतात. बहुतेक सस्तन प्राण्यांत दोनच संच येतात : दुधाचे आणि कायमचे.
- सुरुवातीच्या अपरास्तनी सस्तन प्राण्यांत ४४ दात होते. जबड्याच्या प्रत्येक चतुर्थांशात ३ पटाशीचे, १ सुळा, ४ उपदाढा, ३ दाढा. रानडुकरात हा आकडा आजही टिकून आहे.
- पुढे आहारानुसार संख्या घटली. कुत्रा ४२, माणूस ३२, मांजर ३०.

आहारानुसार रूपे
- उंदीर, खार : पटाशीचे दात सतत वाढतात. कठीण दंतवल्क फक्त पुढच्या बाजूला असल्याने धार टिकते.
- गाय, म्हैस : वरच्या जबड्यात पुढे दात नसतात. तिथे घट्ट गादी असते.
- वाघ, कुत्रा : वरची शेवटची उपदाढ आणि खालची पहिली दाढ कात्रीसारखी चालतात.
- डॉल्फिन : सर्व दात एकसारखे, शंकूच्या आकाराचे. मासे पकडण्यासाठी.

सुळा की पटाशीचा दात?
- हत्तीचे बाहेर आलेले दात म्हणजे वरचे पटाशीचे दात. त्याच्या दाढा आयुष्यात सहा वेळा येतात, मागून पुढे सरकत.
- वॉलरसचे लांब दात मात्र सुळेच.

दातांशिवाय
- खवल्या मांजर आणि मुंगीखाऊ यांना दात नसतात.
- निळ्या देवमाशाच्या गर्भात दात तयार होतात, पण जन्मापूर्वीच विरून जातात.