बँकेच्या खिडकीवर आपली भाषा

नाशिक जिल्ह्यातला सुरगाणा तालुका गुजरातच्या सीमेला लागून आहे. इथे कितीतरी घरांत कोकणा किंवा डांगी बोली बोलतात आणि बाजारात मराठी चालते. बँकेत मात्र पुष्कळदा फॉर्म इंग्रजीत असतो. साहेब बदली होऊन परराज्यातून आलेले असतात आणि ते हिंदीत बोलतात. आता रोजगार हमीची मजुरी, मुलांची शिष्यवृत्ती, निराधारांचे अनुदान सारे खात्यातच जमा होते. खिडकीवर ज्याला बोलता येत नाही, त्याच्या कष्टाचा पैसा दुसऱ्याच्या भरवशावर जातो. आपली एखादी म्हातारी माय अंगठा देऊन येते; पण तो कशावर दिला, हे तिला घरी आल्यावरही सांगता येत नाही.

अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्या मजूर कुटुंबांचीही अशीच अडचण असते. तिथे भेदभाव पकडण्यासाठी एक साधी युक्ती वापरतात. सारखी कमाई आणि सारखी कागदपत्रे असलेली दोन माणसे गिऱ्हाईक बनवून एकाच बँकेत पाठवतात. फरक फक्त रंगाचा किंवा भाषेचा असतो. कोणाला खुर्ची दिली, कोणाला कर्जाची पुरी माहिती दिली आणि कोणाला वाटेला लावले, हे दोघे बाहेर येऊन लिहून काढतात. मेम्फिस शहरातल्या एका बँकेत गोरे आणि काळे गिऱ्हाईक असेच पाठवले गेले होते. भेदभावाचे ते प्रकरण 2016 साली मिटवताना बँकेने एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजायचे मान्य केले.

आपल्या देशात डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी नोकऱ्यांच्या बाबतीत अशीच परीक्षा घेतली. 548 जाहिरातींना 4,808 अर्ज पाठवले. पात्रता सारखी ठेवली, नावे तेवढी वेगळी. काही नावे सवर्ण, काही दलित, काही मुस्लिम. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणे कमी आले. हा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. जे आपले लोक तोंडाने सांगत होते, त्याला आकड्यांचा पुरावा मिळाला.

मग हे आपल्या गावात का करू नये? आधी आपला हक्क माहीत हवा. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे खाते उघडण्याचा फॉर्म, पैसे भरण्याची स्लिप, पासबुक ही छापील कागदपत्रे इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, मिळाली पाहिजेत. मळकी-फाटकी नोट बदलून घ्यायला त्या बँकेत खाते असावे लागत नाही. तक्रार मराठीत लिहून द्यावी आणि तिची पोच मागावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही. माहितीसाठी 14448 हा फोन नंबर आहे.

कोकणा बोलीत मात्र छापील फॉर्म मिळत नाही. तिथे आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी सोबत जावे, कागद वाचून त्याचा अर्थ घरच्या बोलीत सांगावा आणि मगच अंगठा द्यावा.

आणि एकदा असे करून पाहा. कॉलेजात जाणारी नात आणि तिची आजी यांनी वेगवेगळ्या वेळी एकाच खिडकीवर जाऊन एकच प्रश्न विचारावा. रात्री जेवणे झाल्यावर दोघींना काय उत्तर मिळाले, ते वहीत तारीख-वार घालून लिहावे. एका घराची वही कदाचित कोणी मनावर घेणार नाही. पण दहा घरांच्या वह्या एकत्र झाल्या, तर शाखेच्या साहेबांना त्या वाचाव्याच लागतील.