न बोलावता आलेली माणसं

पात्रं आपोआप येतात, मी फक्त लिहून घेतो, हे लेखकांच्या मुलाखतींत ऐकून कान किटलेत. बहुतेकदा पुरावा काहीच नसतो. टॉल्किन यांच्या बाबतीत तो आहे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे कच्चे खर्डे त्यांचा मुलगा ख्रिस्टोफर याने 1988पासून संपादित करून छापले. त्यामुळे कोण कधी कथेत घुसलं, हे पानोपानी पाहता येतं.

सुरुवात झाली डिसेंबर 1937मध्ये. 'हॉबिट' हे मुलांचं पुस्तक खपलं होतं, प्रकाशकाला त्याचा पुढचा भाग हवा होता. दुसऱ्याच प्रकरणात रस्त्याच्या वळणावर एक घोडेस्वार आला: पांढरा घोडा, झग्यात गुरफटलेला माणूस. तो जादूगार गँडाल्फ असणार होता. पण लिहितालिहिता घोडा काळा झाला आणि स्वार कोणी भलताच. मार्च 1938मध्ये टॉल्किननी प्रकाशकाला कळवलं की कथेनं न ठरवलेलं वळण घेतलंय. मुलांच्या पुस्तकाचा बेत तिथेच बारगळला, असं मला वाटतं.

मग ब्री गावची सराई. कोपऱ्यात एक सावळा हॉबिट, म्हणजे टॉल्किनच्या कथेतला बुटका जीव, पाइप ओढत बसलेला, पायात लाकडी बूट. नाव ट्रॉटर. हा कोण, ते लेखकालाच ठाऊक नव्हतं. खर्ड्यांतले तर्कवितर्क वाचताना मजा येते: वेषांतर केलेला, 'हॉबिट'चा नायक बिल्बो असेल का? घरातून नाहीसा झालेला कुणी भाऊबंद? शत्रूनं छळ केल्यामुळे पायच लाकडाचे असतील का? शेवटी तो हॉबिट नसून माणूस ठरला, आणि माणूसही साधासुधा नव्हे, गादीचा वारस. हाच अ‍ॅरागॉर्न. 'ट्रॉटर' हे नाव मात्र त्यानंतरही बराच काळ सुटलं नाही. 'स्ट्रायडर' हे छापील पुस्तकातलं नाव फार उशिरा आलं. 1955मध्ये कवी ऑडनला लिहिलेल्या पत्रात टॉल्किननी म्हटलंय की सराईतल्या त्या माणसाला पाहून आपल्याला धक्काच बसला होता. म्हणजे येणं क्षणाचं; त्याची ओळख पटवायला वर्षं गेली. मुलाखतींत हा दुसरा भाग कुणी सांगत नाही.

मे 1944मध्ये ख्रिस्टोफर हवाई दलात, दक्षिण आफ्रिकेत. त्याला धाडलेल्या पत्रात बाप लिहितो की नवं पात्र आलंय. मी ते निर्माण केलं नाही, मला ते नकोही होतं, पण इथिलिअनच्या रानात चालत आलं, आणि आवडतंय. कथेत आधीच आलेल्या बोरोमिरचा भाऊ फॅरामिर. (पहिल्या खर्ड्यात हा फालबॉर्न, भाऊ नव्हे, नुसता नातलग.) लगेच तक्रारही आहे: हा गडी गोंडोर आणि रोहन या राज्यांच्या इतिहासावर इतका बोलतोय की मुख्य घटना खोळंबलीय, असंच चाललं तर त्याचा बराच भाग परिशिष्टात हलवावा लागेल. लेखकानं पात्राला वैतागणं मला प्रेरणेच्या गोष्टींपेक्षा जास्त खरं वाटतं.

फॅरामिरचा उपयोग पुढे असा झाला, की त्या रानात लेखकालाही तो दिसला नसावा. रोहनचा राजा थेओडेन याची भाची एओविन हिचं काय करायचं, हा प्रश्न आधीपासून लोंबकळत होता. सुरुवातीच्या टिपणांत तिचं लग्न अ‍ॅरागॉर्नशी होतं. मग तो तिच्यासाठी फार प्रौढ, फार थोर ठरला. थेओडेनचा सूड घेताना तिला मरू द्यावं, असाही विचार झाला. छापील पुस्तकात ती जगते आणि फॅरामिरशी लग्न करते.