जुन्या बंदुकांची जन्मखूण

लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने १७९१ साली बंगळूरचा किल्ला जिंकून घेतला. टिपू सुलतानाच्या राज्यात ज्या ठाण्यांत शस्त्रे घडविली जात, त्यांपैकी हे एक होते. त्या राज्यात तयार झालेल्या चकमकीच्या बंदुका आज देशोदेशींच्या संग्रहालयांत आढळतात. परंतु ‘टिपूची’ म्हणून दाखविली जाणारी प्रत्येक बंदूक तशी असतेच असे नाही. निर्णय करावयाचा तो तिच्या अंगावरील ठशांवरून.

अस्सल म्हैसुरी बंदुकीवर वाघाच्या पट्ट्यांची नक्षी, ‘हैदर’ या नावातील अक्षरांचा ठसा, आणि पुष्कळदा घडविण्याचे ठिकाण व वर्ष ही आढळतात. वर्षाने मात्र अनेकांना चकविले आहे. टिपूने मौलूदी शक चालू केला आणि त्याचे आकडे उजवीकडून डावीकडे लिहविले. म्हणून ‘४२२१’ असे दिसणारे वर्ष १२२४ असे वाचावे लागते. त्यात सुमारे ५७२ मिळविले की इसवी सन १७९६ येतो.

या बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असे. नळीत मळसूत्री खाचा असलेली बंदूक ती रायफल. १८०९ साली बंगळूरला लष्करी छावणी वसली. तिच्यासारख्या छावण्यांतून विसाव्या शतकात जी ली-एन्फील्ड रायफल वावरली, तिच्यावर तर ठशांची दाटीच असते. दस्ता जेथे लोखंडी भागास मिळतो, तेथील कड्याच्या उजव्या अंगास मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव व वर्ष कोरलेले असते. इंग्लंडमधील रायफलींवर पंचम जॉर्जच्या काळात ‘जी. आर.’ ही अक्षरे असत. कलकत्त्याजवळील इशापूरच्या कारखान्यात मात्र ‘जी. आर. आय.’ असा ठसा मारीत. शेवटचे अक्षर सम्राटपदाचे. स्वातंत्र्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. बाणाच्या टोकासारखी खूण कर्त्याची नव्हे, मालकाची आहे. नुसता बाण ब्रिटिश सरकारचा; त्याच्या जोडीस ‘आय’ हे अक्षर असेल तर रायफल हिंदुस्थान सरकारची, मग ती एन्फील्डला का बनलेली असेना. कर्ता व मालक यांची गल्लत ही नोंदवह्यांतील नेहमीची चूक होय.

ठसा वाचणे हा केवळ इतिहासाचा छंद नाही. इशापूरने १९६०च्या दशकात बाह्यतः जवळजवळ तशाच घाटाची, पण ७.६२ मिलिमीटर काडतुसाची ‘२ए१’ रायफल काढली. जुन्या रायफलीचे काडतूस .३०३ इंचाचे. दोन्ही काडतुसे परस्परांच्या जागी चालत नाहीत. तसा प्रयत्न जिवावर बेतू शकतो.

बनावट ठशांचाही एक संप्रदाय आहे. वायव्य सरहद्दीवरील कारागिरांनी हाताने रायफली घडविल्या आणि इंग्रजी ठशांची हुबेहूब नक्कल करू पाहिली. लिपी अपरिचित असल्याने कुठे ‘एन्’ हे अक्षर उलटे उमटले, तर कुठे राणी व्हिक्टोरियाच्या आद्याक्षरांखाली १९१७ हे वर्ष आले. राणी १९०१ सालीच निवर्तली होती.