मुलांसह दीर्घ विश्वप्रवास : वैद्याने काय द्यावे, काय देऊ नये

साईदर्शन आटोपून परतणारा भाविक वाटेत औषधालयाची पायरी चढतो, हे शिर्डीतील वैद्यांस व औषधविक्रेत्यांस नवे नाही. मात्र गेल्या काही वर्षांत या गर्दीत एक वेगळा वर्ग आम्हांस दिसू लागला आहे. लहान मुलांना घेऊन सहा महिने, वर्षभर परदेशी भ्रमणास निघालेली आणि निघण्यापूर्वी बाबांच्या पायावर मुलांना घालण्यास आलेली ही कुटुंबे होत. १ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडी येथील विमानतळ सुरू झाल्यापासून दूरच्या शहरांतील मंडळींना येथवर येणे सोपे झाले आहे. त्यांची मागणी बहुधा एकाच शब्दांत येते, "वैद्यराज, मुलांसाठी वर्षभराच्या पुड्या बांधून द्या."

अशा पुड्या आम्ही एकदा बांधून दिल्या. त्या कुटुंबात नऊ व चार वर्षांची दोन मुले होती. ज्वर-कासासाठी सितोपलादी, गोदंती भस्म आणि त्रिभुवनकीर्तीचा अल्पांश असे मिश्रण करून पुड्यांवर केवळ 'ताप-खोकला, सकाळी-रात्री' एवढेच लिहिले. चार महिन्यांनी रात्री अडीच वाजता पेरू देशातून दूरध्वनी आला. धाकट्यास ताप व उलट्या होत्या, त्याला रुग्णालयात नेले होते आणि तेथील डॉक्टर आईस विचारीत होते की मुलास दिलेली ही गुलाबीसर पूड कशाची आहे? माउलीस ते ठाऊक नव्हते, कारण आम्ही ते सांगितलेच नव्हते. हिंगुळ म्हणजे पारद व गंधक यांचे खनिज आणि वत्सनाभ ही हृदयावर परिणाम करणारी वनस्पती, हे आम्ही वडिलांमार्फत एकेक अक्षर उच्चारून सांगितले तेव्हा पलीकडे जी शांतता पसरली ती आजही आमच्या कानांत आहे. आजार साधा निघाला. परंतु आमच्या पुडीपायी त्या चार वर्षांच्या मुलास दोन दिवस हृदयाच्या आलेखाच्या तारा लावून निजावे लागले. शुद्ध वत्सनाभाची ती मात्रा निर्धोक होती असे आम्ही आजही म्हणू. पण ज्या डॉक्टरास ते द्रव्य शोधित की अशोधित हे कळण्याचा मार्ग नाही, त्याने सावध राहणेच योग्य होते. हा लेख त्या रात्रीतून निघाला आहे.

मुलांना घेऊन दूरदेशी जाणे महाराष्ट्रास अपरिचित नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेस घेऊन इंग्लंडला गेल्या आणि १८८६ साली तिच्यासह अमेरिकेत पोहोचल्या. त्या काळी बोटीच्या प्रवासास आठवडे लागत. हवा, अन्न व निद्रा यांत होणारा बदल शरीरास हळूहळू पचविता येई. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात अहितकर सवयीचा त्याग व हितकराचा स्वीकार अंशाअंशाने करण्याचा जो पादांशिक क्रम सांगितला, तो बोट आपोआप पाळीत असे. विमान तो पाळत नाही. वैशाखातील शिर्डी सोडलेले मूल दुसऱ्या दिवशी न्यूझीलंडमध्ये उतरते तेव्हा तेथे थंडीची चाहूल लागलेली असते. वाग्भटाचार्यांनी ऋतुसंधीसाठी मागील ऋतूचे शेवटचे सात व पुढील ऋतूचे पहिले सात असे चौदा दिवस दिले. येथे तर मधला एक ऋतू गाळून संधी एका रात्रीत घडतो. दक्षिण गोलार्धात सूर्याची गती आपल्या उलट भासते, त्यामुळे आदान व विसर्ग काल पंचांगावरून नव्हे, मूल जेथे असेल तेथील आकाशावरून ठरवावे लागतात. 'श्रावण आहे, वर्षा ऋतूचे पथ्य चालू ठेवा' असा सल्ला तेथे निरर्थक ठरतो.

म्हणून आम्ही आता पालकांस सुचवितो की, पादांशिक क्रम घरीच सुरू करावा. निघण्यापूर्वी पंधरा दिवस जेवणातील तिखट उतरवीत न्यावे. एका वेळच्या पोळीऐवजी पाव, भाजीऐवजी उकडलेला बटाटा व गाजर अशी सवय लावावी. उतरल्यावर पहिले दोन-तीन दिवस मऊ भात, मुगाचे वरण, सूप असा लघु आहार असावा. नवा पदार्थ एका वेळी एकच द्यावा. सकाळच्या उन्हात मुलांना बाहेर काढावे, म्हणजे झोपेचे वेळापत्रक लवकर बसते. विमानातील कोरड्या हवेने त्वचा रुक्ष होते, तीस आदल्या रात्रीचा तिळतेलाचा अभ्यंग पुरेसा आहे. वाहन लागणाऱ्या मुलास आल्याचा पाक द्यावा. एवढ्याने निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत असा आमचा अनुभव आहे.

आता लसीकरणाविषयी. या विषयावर आपल्या व्यवसायात अजूनही कुजबूज चालते, म्हणून स्पष्ट लिहितो. गोवर, धनुर्वात, पीतज्वर वा विषमज्वर यांच्या लसीस आपल्या ग्रंथांत पर्याय नाही आणि सुवर्णप्राशन हा तो पर्याय नव्हे. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या प्रदेशातून भारतात परतणाऱ्या प्रवाशाजवळ वैध प्रमाणपत्र नसेल तर त्यास सहा दिवसांपर्यंत विलग ठेवतात. ही लस नऊ महिने पूर्ण झालेल्या बालकास शासनमान्य केंद्रातच मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर वैध होते आणि ११ जुलै २०१६ पासून ते आजीवन मानले जाते. ही लस व गोवराची लस या दोन्ही जिवंत लसी आहेत. त्यांत किमान चार आठवड्यांचे अंतर राखावे लागते, त्यामुळे बालरोगतज्ज्ञांची भेट निघण्याच्या दोन-तीन महिने आधीच घडावी. तीच गोष्ट हिवतापाची. सुदर्शन चूर्ण हे हिवतापाचे प्रतिबंधक म्हणून आफ्रिकेस निघालेल्या मुलाच्या हाती देणे हा आमच्या मते अपराध आहे. अतिसारासाठी कुटज आम्हांस प्रिय आहे, तथापि मुलाचे प्राण जलसंजीवनीच वाचविते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ नंतरच्या सूत्राची पाकिटे व जस्ताच्या गोळ्या प्रथम, आपले औषध त्यानंतर.

मुख्य प्रश्न रसौषधींचा आहे. २००४ साली बोस्टन परिसरातील दुकानांत विकल्या जाणाऱ्या दक्षिण आशियाई बनावटीच्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. त्या वेळी आपल्यापैकी अनेकांनी, आम्हीही, 'त्यांना भस्म व कच्चा धातू यांतील भेद कळत नाही' असे म्हणून विषय मिटविला. पुढे २००८ साली त्याच संशोधकांनी १९३ औषधे तपासली, त्या वेळी रसौषधी व इतर औषधे यांची वेगळी गणती केली. रसौषधींपैकी सुमारे ४० टक्क्यांत धातू सापडणे अपेक्षितच होते. परंतु ज्यांत धातू घातलेलाच नाही अशा औषधांपैकी सुमारे १७ टक्क्यांतही तो सापडला, यास भस्मविचाराचे उत्तर पुरत नाही. तो आपल्या खलबत्त्याचा, चक्कीचा आणि कच्च्या मालाचा प्रश्न आहे. भारत सरकारने जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांस जड धातूंची तपासणी अनिवार्य केली; पण प्रवाशाच्या पिशवीतून जाणारी पुडी निर्यातीच्या हिशेबात येत नाही. ती आपल्याच विवेकावर जाते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत मुलाच्या रक्तात शिसे वाढलेले आढळले की तेथील डॉक्टर काजळ, सिंदूर आणि 'इंडियाहून आणलेली औषधे' या तीन गोष्टी विचारतात. २०२१ पासून तेथे रक्ताच्या प्रत्येक डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅम ही पातळी लक्ष वेधण्याची मानली जाते. इतक्या अल्प शिशाने मूल रडत नाही, त्यास ताप येत नाही. हानी वाढत्या मेंदूची होते. म्हणून कुमारकल्याण, आरोग्यवर्धिनी, लक्ष्मीविलास यांसारखे कल्प, ज्यांवर आम्ही रोजच्या चिकित्सेत विसंबतो, ते आमच्या नजरेबाहेर वर्षभर राहणाऱ्या बालकास आम्ही देत नाही. संजीवनी वटीत पारद नाही म्हणून ती सौम्य समजण्याचा प्रघात आहे. तीत वत्सनाभ व भल्लातक दोन्ही आहेत आणि दोन्ही अनुसूची इ(१) मध्ये आहेत, हे पुष्कळदा विसरले जाते.

काही अडचणी विषाच्या नसून कायद्याच्या आहेत. कर्पूररसात अहिफेन व जातीफलादी चूर्णात विजया आहे. ही औषधे घेऊन परदेशी विमानतळावर उतरणे म्हणजे मुलांसमोर आईबापांना अटक होण्याचा धोका. संयुक्त अरब अमिरातीत तर स्वयंपाकाची खसखसही निषिद्ध आहे. आसव-अरिष्टांतील स्वयंजनित मद्यार्क मद्यबंदीच्या देशांत आक्षेपार्ह ठरतो, तेव्हा अरविंदासवाची बाटली घरीच ठेवावी. कुष्ठ, कुटकी व जटामांसी संकटग्रस्त वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय करारात येतात. आजीने प्रेमाने दिलेली बाळगुटी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या तपासनाक्यावर घोषित न केल्यास दंड होतो, कारण ती अखेर मुळ्या, फळे व बिया यांचा जुडगा आहे. तीतील वेखंडास अमेरिकेने १९६८ पासून खाद्यपदार्थांत मनाई केली आहे. आणि एक वर्षाखालील बाळास मधातून औषध चाटविण्याची आपली रूढी प्रवासातच काय, घरीही सोडावी असे आमचे मत झाले आहे. मधातील जीवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळास होणारा पक्षाघातासारखा आजार क्वचित होतो, पण तो प्राणघातक ठरू शकतो. काही ज्येष्ठांस हे रुचणार नाही, याची कल्पना आहे.

मग उरते काय? सितोपलादी, बालचतुर्भद्र, सुंठ, हिंग्वाष्टक, मोरावळा, जखमेसाठी हळद व एखादे साधे तेल. पिशवी लहान होते, ही तक्रार नसून सोय आहे. शिवाय चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांत क्षीण होते असे शार्ङ्गधरांनीच सांगितले असता वर्षाचा साठा बांधून देण्यास शास्त्राधारही नाही. निर्मात्याचे मोहोरबंद, घटकद्रव्ये व निर्मिती-क्रमांक छापलेले पाकीटच द्यावे. सुटी पुडी कदापि देऊ नये. औषधविक्रेत्यांनी बिलावर तो क्रमांक लिहावा, ही नम्र विनंती.

प्रत्येक मुलागणिक आम्ही एक कागद देतो. त्यावर इंग्रजीत औषधाचे नाव, प्रत्येक घटकाचे वनस्पतिशास्त्रीय नाव, मात्रा, कशासाठी व किती दिवस, मुलाचा रक्तगट, वर्ज्य औषधे, लसींच्या तारखा आणि आमचा दूरध्वनी क्रमांक असतो. खाली ठळक अक्षरांत दोन वाक्ये असतात : ताप तीन दिवसांवर गेल्यास, मूल सुस्त झाल्यास वा लघवी कमी झाल्यास हे औषध थांबवून जवळच्या रुग्णालयात जावे, आणि हा कागद तेथील डॉक्टरांच्या हाती द्यावा. शेवटची ओळ वजनाची आहे व तीपुढे चार मोकळ्या चौकटी आहेत, कारण वर्षभरात मूल वाढते आणि निघताना ठरविलेली मात्रा परतताना त्याची राहत नाही. गेल्या वर्षी एका आईने तो कागद परत आणून दाखविला. घड्यांवर फाटला होता, चारही चौकटी भरलेल्या होत्या आणि सितोपलादीचे पाकीट अर्धे शिल्लक होते.