जीभ खाऊन जीभ झालेली!

जीभ अजिबात न हलवता पोळीचा एक घास चावून बघा बरं! घास तिथल्या तिथेच घोटाळतो ना? त्याला दातांखाली ढकलायला जीभच लागते.

माशाची जीभ आखूड आणि कडक. ती बाहेर काढून कुणाला वेडावून दाखवणं त्याला जमायचं नाही. पण पकडलेलं भक्ष्य टाळूवरच्या दातांवर दाबून धरायला ती हवीच. अशी कामाची जीभ कुणी गट्टम केली तर?

कॅलिफोर्नियाच्या आखातापासून इक्वाडोरपर्यंतच्या समुद्रात हा उद्योग करणारा एक परजीवी राहतो. नाव सायमोथोआ एक्सिग्वा. हा खेकडे-कोळंबीच्या गोतावळ्यातला, १४ पायांचा.

त्याची पिल्लं तांबोशीच्या जातकुळीतल्या माशांच्या कल्ल्यांतून आत शिरतात. सुरुवातीला सगळे नरच! मोठं होता होता त्यांच्यातलाच एखादा चक्क मादी बनतो. ही मादी सरकत सरकत तोंडात येते, वाकड्या अणकुचीदार पायांनी जीभ गच्च पकडते आणि रक्त पिऊ लागते. रक्ताविना जीभ हळूहळू सुकते, झडते. उरतो नुसता खुंट. त्या खुंटाला धरून बाईसाहेब तोंडातच मुक्काम ठोकतात.

आता मासा उपाशी मरणार? छे! तो या पाहुणीलाच जिभेसारखं वापरतो. भक्ष्य तिच्या पाठीवर घेऊन दातांवर दाबतो आणि गिळतो. रिचर्ड ब्रुस्का आणि मॅथ्यू गिलिगन या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये हे जगापुढे मांडलं. यजमानाचा अवयव नाहीसा करून त्याचं काम स्वतः करणारे परजीवी प्राणी फारच विरळा.

यात तिचाही स्वार्थ आहेच. मासा मेला तर तिचं घरही गेलं आणि जेवणही! म्हणून लुटायचं, पण जगू द्यायचं.

हिचे नातेवाईक आपल्या समुद्रातही आहेत. नोरिलेका इंडिका हा त्यातलाच एक. तो बांगड्याच्या कल्ल्यांपाशी दडून बसतो. घाबरू नका, हे प्राणी माणसाच्या अंगात राहत नाहीत. तेव्हा घरी बांगडे आले, की साफ करणाऱ्याला म्हणा, ‘थांबा जरा!’ मग कल्ल्यांवरचं झाकण उचलून आत डोकावा. फिकट रंगाचा, पुष्कळ पायांचा कुणी भेटला, तर त्याचे पाय नक्की मोजा!