लॉन काढलं म्हणून साप येत नाहीत

सोसायटीच्या सभेत लॉनऐवजी देशी झाडंझुडपं लावू या म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला: "साप निघाले तर जबाबदारी कोणाची?" एवढ्यावरच विषय बारगळतो. हे इतक्यांदा ऐकलंय, की आता नीट उत्तर द्यायलाच हवं.

साप झाडांच्या ओढीनं येत नाही. तो उंदीर-बेडकांच्या मागावर आणि लपायला जागा शोधत येतो. उंदीर पोसले जातात उघड्या कचऱ्यावर आणि कबुतरांसाठी टाकलेल्या दाण्यांवर. लपायला विटांचे ढीग, फुटक्या फरश्या, भिंतीतली भगदाडं असतातच. लॉन कितीही बारीक कापा, यातलं काय कमी होणार? उंदीर खाणारी धामण तर बिनविषारी, तरी तिलाच नाग समजून ठेचतात!

सर्पदंशाची भीती खोटी नाही. 'ईलाइफ' या संशोधनपत्रिकेत २०२०मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशानं दगावली. पण त्यातले बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले आहेत. हे आकडे दाखवून शहरातल्या आवारात करवंदाची जाळी नको म्हणणं चूक आहे. काळजी घ्यायची ती अशी: भिंती आणि पायवाटांलगत दोन-तीन फूट पट्टा मोकळा ठेवा, राडारोडा उचला, रात्री बॅटरी घेऊन चाला.

डासांचंही तेच. डेंग्यू पसरवणारा एडिस डास कुंडीखालच्या ताटलीत, जुन्या टायरात, झाकण नसलेल्या पिंपात साठलेल्या पाण्यात वाढतो. निर्गुडीच्या झुडपात नव्हे.

लॉन स्वस्त पडतं? उन्हाळ्यात त्याला दर चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर पाणी लागतं. २०० चौरस मीटरला दिवसाला हजार लिटरच्या आसपास, तेही टँकरच्या दिवसांत.

देशी झाडं शोभेची नसतात? धायटीचा लाल बहर बघा, बहावा बघा. लिंबाच्या कुळातल्या झाडावर तर नीलवंत हे आपलं राज्य फुलपाखरू अंडी घालतं.

एक गैरसमज मात्र आमच्या बाजूच्या उत्साही मंडळींचा आहे: आपोआप उगवेल ते निसर्गाचं, हात लावू नका. असं सोडून दिलेल्या जागेत आधी माजतं गाजरगवत, मग घाणेरी. दोन्ही अमेरिका खंडातून आलेली. गाजरगवतानं त्वचेला खाज सुटते, दमाही बळावतो. म्हणून पहिले दोन पावसाळे ते फुलोऱ्यावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावं लागतं. एवढी मेहनत टाळून चालणार नाही.

सगळं लॉन एकदम काढू नका. मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की एक कोपरा घ्या. करवंद, धायटी, निर्गुडी, अडुळसा लावा. रोपांसाठी वन विभागाच्या जवळच्या रोपवाटिकेत आत्ताच चौकशी करा.