कॅमेरा चालू आहे ना?

पुण्यात पीजी म्हणून राहायला आले त्या वर्षी माझ्या रूममेटनं एका रविवारी मला जबरदस्तीनं 'द लास्ट वॉल्ट्झ' दाखवला. 'मध्ये बोलायचं नाही आणि मोबाईल बघायचा नाही' अशी तंबी देऊन. मार्टिन स्कॉर्सेसीची ही डॉक्युमेंटरी १९७८ ची. 'द बँड' या ग्रुपनं २५ नोव्हेंबर १९७६ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये निरोपाची कॉन्सर्ट केली, तिचं शूटिंग. बॉब डिलन, नील यंग, एरिक क्लॅप्टन, जोनी मिचेल... गेस्ट लिस्ट वाचूनच दमायला होतं. मी खरं सांगते, अर्धा वेळ जांभया देत होते.

मग स्टेजवर मडी वॉटर्स आला. वय त्रेसष्ट, अंगात सूट, हातात गिटारही नाही. 'मॅनिश बॉय' गायला लागला आणि माझी जांभई अर्ध्यातच राहिली! कॅमेरा त्याच्यावरून हलतच नाही. चेहरा, मुठी, हुंकार, बस्स. मला वाटलं, काय जबरदस्त डायरेक्टर आहे, कट न मारता अख्खं गाणं एका शॉटमध्ये धरून ठेवलं.

नंतर कळलं ते वेगळंच. त्या वेळी बाकीचे कॅमेरे रीळ बदलण्यासाठी बंद होते. लास्लो कोवॅक्स नावाच्या कॅमेरामननं वैतागून कानावरचा हेडफोन काढून ठेवला होता, त्यामुळे 'थांबा' ही सूचना त्याला ऐकूच गेली नाही. त्याचा एकटा कॅमेरा चालू राहिला. ब्लूजच्या इतिहासातला एवढा मोठा परफॉर्मन्स आपल्याला दिसतो तो एका माणसाच्या वैतागामुळे!

तेव्हापासून कुठलीही म्युझिक डॉक्युमेंटरी बघताना माझ्या डोक्यात हाच किडा वळवळतो. हे शूट झालं नसतं तर? १९६७ मध्ये माँटेरेला जिमी हेंड्रिक्सनं भर स्टेजवर गिटार पेटवली, ती पेटवताना बघायला डी. ए. पेनेबेकरचे कॅमेरे होते, म्हणून आज ती आपल्यालाही दिसते. 'समर ऑफ सोल' बघितलाय? नसेल तर या वीकेंडला बघाच. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये बी. बी. किंग, नीना सिमोन, महेलिया जॅक्सन असे एकाहून एक कलाकार गायले. सगळं व्यवस्थित शूट झालं आणि त्यातलं बहुतेक पुढची जवळजवळ पन्नास वर्षं पडून राहिलं. २०२१ मध्ये त्याची डॉक्युमेंटरी झाली, मग ऑस्करही मिळालं. म्हणजे कॅमेरा चालू असूनही भागत नाही. ज्यांचं गाणं आहे त्यांची किंमत कुणाला तरी वाटावी लागते.

असलं सगळं अमेरिकेतच होतं असं वाटत असेल तर आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' बघा. तीन तासांहून मोठा आहे, पॉपकॉर्न घेऊन बघायचा नाही. ११ जुलै १९९७. मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या घरात गळफास घेतला.

पटवर्धनांनी घोगरेंना त्याआधीच कॅमेऱ्यात पकडलं होतं, १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये. झोपडपट्टीतल्या माणसांच्या त्या फिल्ममध्ये हा शाहीर असा काही गातो की आपण सबटायटल वाचायचं विसरतो. तो माणूस असा गेल्यावर पटवर्धन पुन्हा कॅमेरा घेऊन निघाले आणि चौदा वर्षं शूट करत राहिले. चौदा! आपण चौदा मिनिटांचा व्हिडिओ पुढे ढकलत बघतो. २०११ मध्ये फिल्म पूर्ण झाली आणि जानेवारी २०१२ मध्ये मुंबईत ती आधी दाखवली गेली भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, वस्तीतल्या लोकांना.

त्यात कितीतरी गाणी आहेत. संभाजी भगतांचा पहाडी आवाज आहे, पुण्याच्या कबीर कला मंचाची शीतल साठे आहे. शीतल गायला लागते तेव्हा समोरच्या बायकांचे चेहरे बघा. नुसतं गाणं आवडलं म्हणून असे चेहरे होत नाहीत, कुणीतरी आपल्या घरातलं बोलतंय म्हणून होतात. फिल्म संपते तोवर मंचाची ही मुलं भूमिगत झालेली असतात. पुढे २ एप्रिल २०१३ ला शीतल आणि सचिन माळी विधान भवनासमोर येऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. रॉक डॉक्युमेंटरीत 'बंडखोर' हा शब्द जरा स्वस्तात मिळतो असं मला त्यानंतर वाटायला लागलं.

ही फिल्म बघून मी जरा पिसाटलेच. बाबासाहेबांवरची बायकांची गाणी मिळेल तिथून ऐकत सुटले. असंच एका रात्री 'परी'च्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या जात्यावरच्या ओव्यांपाशी पोचले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, काही आवाजासकट रेकॉर्ड केल्या. मी हेडफोन लावला आणि गायिकेच्या नावाखालचं गाव वाचलं. माजलगाव, जिल्हा बीड. भीमनगर.

अहो, मी माजलगावची! भीमनगर माझ्या गावात. राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्यासोबतच्या बायका १९९६ मध्ये तिथे बाबासाहेबांवर ओव्या गात होत्या, माझ्या जन्माच्या आधी. आणि मी दहावीपर्यंत त्या गावात वाढले, क्लासला सायकलवरून जायचे, पण भीमनगरात पाऊल टाकलं नव्हतं. 'तिकडून जाऊ नको' एवढंच घरचे सांगायचे. का, ते कुणी सांगत नसे आणि मीही विचारलं नाही. मिसिसिपीतला मडी वॉटर्स मला आधी माहीत झाला, भीमनगर नंतर. लाज वाटली का? वाटली.

मडी वॉटर्सची सुरुवातही काही स्टेजवर झालेली नाही. १९४१ मध्ये तो मिसिसिपीच्या मळ्यावर राबत होता. अ‍ॅलन लोमॅक्स रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन त्याच्या दारात गेला. आपलाच आवाज तबकडीवर ऐकल्यावर मडीला पटलं की आपणही गाऊ शकतो. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला, पुढचं सगळं रॉक अँड रोल त्याचं देणं लागतं. कापसाच्या रानातलं गाणं आहे ते. आमच्याकडेही कापूस आहे, आणि ऊसतोड आहे, जिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. ब्लूजमध्ये पहिली ओळ परत म्हणतात, तोवर पुढची सुचते. ओवीतही ओळ परत येते, तोवर जातं एक फेरा घेतं. दोन्हींत बाई किंवा गडी स्वतःचंच दुःख सांगतो, ऐकायला कुणी असो-नसो. फरक एवढाच की ओवी गाणाऱ्या बाईला शिकागोची गाडी नव्हती.

आणि माजलगावचं मी ऐकलं तो नुसता आवाज. चित्र नाही. ओळ संपताना चेहऱ्यावर काय होतं, कोण कुणाकडे बघून हसतं, काही दिसत नाही. 'परी'नं नंतर जुन्या गायिकांना शोधून काढून काहींचे व्हिडिओ केले, ते जरूर बघा. पण दोन दशकांत जातं गेलं, गिरणी आली, काही गायिकाही गेल्या.

गेल्या दिवाळीत गावी गेले तेव्हा आजीच्या कानाला हेडफोन लावला. तिनं डोळे मिटून ऐकलं.

'गळा चांगला हाय गं. कुठली बाई?'

'आपल्या माजलगावची. भीमनगरची.'

आजी गप्प. मग म्हणाली, 'बाबासाहेबांची ओवी हाय ही.'

'हो.'

'चाल आमचीच हाय की.'

आणि हेडफोन न काढताच ती त्या आवाजात आवाज मिसळून गुणगुणायला लागली. शब्द तिचे, पंढरपूरचे. माझ्या जन्मात मी तिला गाताना ऐकलं नव्हतं. आई स्वयंपाकघरातून हातात उलथनं घेऊन दारात येऊन उभी राहिली.

मी घाईघाईनं आईचा मोबाईल ओढला, कॅमेरा चालू केला, हात थरथरत होते. आजीचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या ओवीच्या अर्ध्यात स्क्रीनवर मेसेज आला, स्टोरेज फुल. माझ्या सेल्फ्या, कॉलेजच्या ट्रिपा, कॉन्सर्टचे व्हिडिओ, सगळं मीच तिच्या मोबाईलमध्ये भरून ठेवलेलं. काहीतरी उडवेपर्यंत आजीनं डोळे उघडले, मोबाईल बघितला आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, 'बंद कर ते. येडी का खुळी.'

बत्तीस सेकंदांची क्लिप आहे माझ्याकडे. आजीचा अर्धा चेहरा, मागे दिवाळीची माळ, आणि शेवटी आईचा आवाज, 'घेतलंस का गं?' येत्या संक्रांतीला पुन्हा जातेय. मोबाईल रिकामा करून. आजीला आधीच विचारलंय. म्हणाली, 'त्या भीमनगरच्या बाईला घेऊन ये, मग म्हणते.'